कोरियन अक्षर संगणकात कसे बसते : ११,१७२ चा हिशेब

एका तरुण सहकाऱ्याने मला दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा की, देवनागरीच्या मूळ विभागाला युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक (संकेतांक) देणाऱ्या मानकात, १२८ जागा पुरतात, मग जेमतेम २४ मूळ वर्ण असलेल्या कोरियन लिपीला ११,१७२ जागा कशासाठी? दुसरा प्रश्न त्याच्या रोजच्या कामातला आहे : ग्राहकांच्या यादीत एक कोरियन नाव डोळ्यांना स्पष्ट दिसते, पण तेच नाव शोधाच्या चौकटीत टंकले की नोंद सापडत नाही. मी बरीच वर्षे सॉफ्टवेअरच्या कोरियन आणि भारतीय भाषांतील आवृत्त्यांवर काम करतो आहे, आणि माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. कोरियन अक्षर हा एक अखंड नग आहे आणि तीच वर्णांची मांडणीही आहे. संगणकात ते या दोन्ही रूपांनी साठवता येते, आणि आपल्यापुढे कोणते रूप आले आहे हे पडद्याकडे पाहून कळत नाही.

सुरुवात लिपीपासून करू. कोरियाचा राजा सेजोंग याच्या काळात ही लिपी १४४३ मध्ये सिद्ध झाली आणि १४४६ मध्ये प्रजेसाठी जाहीर झाली. हांगुल हे तिचे आजचे नाव. तिच्यातील व्यंजनांचे आकार उच्चार करणाऱ्या अवयवांवरून घेतले आहेत : ‘न’ चा कोन म्हणजे वर उचललेले जिभेचे टोक, ‘म’ चा चौकोन म्हणजे मिटलेले तोंड, आणि वर्तुळ म्हणजे घसा. त्यावर रेघ वाढवली की त्याच स्थानाचा पुढचा वर्ण मिळतो. कंठ्य, तालव्य, दंत्य अशी वर्गवारी शाळेत पाठ केलेल्या मराठी माणसाला ही व्यवस्था परकी वाटत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे ती वर्णमालेच्या क्रमात दिसते आणि तिथे ती प्रत्यक्ष आकारात उतरली आहे.

हे वर्ण एकापुढे एक ओळीने लिहिले जात नाहीत. त्यांचा एक चौकोन बांधला जातो आणि तो चौकोन म्हणजे एक उच्चारखंड. या लेखात मी सुट्या घटकाला ‘वर्ण’ म्हणतो, कोरियनमध्ये त्याला जामो म्हणतात, आणि बांधलेल्या चौकोनाला ‘अक्षर’ म्हणतो. अक्षरात तीन घरे असतात. पहिल्या घरात आरंभीचे व्यंजन, दुसऱ्यात स्वर, आणि तिसऱ्यात शेवटचे व्यंजन. हे तिसरे घर रिकामेही चालते. पहिले घर मात्र रिकामे ठेवता येत नाही. अक्षर स्वरानेच सुरू होत असेल तर तिथे वर्तुळ लिहायचे, आणि त्या जागी त्याचा उच्चार होत नाही. स्वर उभ्या रेघेचा असेल तर तो व्यंजनाच्या उजवीकडे बसतो, आडव्या रेघेचा असेल तर खाली बसतो, आणि शेवटचे व्यंजन असलेच तर ते चौकोनाच्या तळाशी जाते. ‘हान’ हे अक्षर डोळ्यांपुढे आणा : वर डावीकडे ‘ह’, म्हणजे एक वर्तुळ आणि त्यावर दोन आडव्या रेघा, त्याच्या उजवीकडे ‘आ’, म्हणजे उभी रेघ आणि तिला बाहेरच्या बाजूने फुटलेली छोटी काडी, आणि दोघांच्या खाली पसरलेला ‘न’ चा कोन.

आता मोजदाद. आरंभीच्या घरात १९ व्यंजने येऊ शकतात, म्हणजे १४ मूळ आणि ५ दुहेरी. मधल्या घरात २१ स्वर, त्यांपैकी १० मूळ आणि ११ संयुक्त. शेवटच्या घरात २७ शक्यता आहेत, कारण तिथे १६ एकेरी किंवा दुहेरी व्यंजनांखेरीज ११ जोड्याही चालतात. रिकामे घर ही आणखी एक शक्यता धरली की झाल्या २८. मग १९ गुणिले २१ गुणिले २८ बरोबर ११,१७२. ही संख्या कोणी शब्दकोश चाळून काढलेली नाही. बाराखडी जशी सगळी व्यंजने आणि सगळे स्वर घेऊन पूर्ण लिहिली जाते, त्यातले एखादे अक्षर कोणत्या शब्दात येते की नाही हे न पाहता, तशीच ही तीन मितींची पूर्ण बाराखडी आहे.

आणि म्हणूनच तिला पाठांतराची गरज नाही, गणित पुरते. युनिकोडमध्ये ही अक्षरे ४४०३२ या संकेतांकापासून ५५२०३ पर्यंत सलग मांडली आहेत. षोडशमान पद्धतीत सुरुवातीचा अंक एसी०० असा लिहितात. प्रत्येक घरातल्या वर्णाला शून्यापासून क्रमांक दिला की संकेतांक काढता येतो : आरंभीच्या व्यंजनाचा क्रमांक २१ ने गुणायचा, त्यात स्वराचा क्रमांक मिळवायचा, आलेली बेरीज २८ ने गुणायची, त्यात शेवटच्या व्यंजनाचा क्रमांक मिळवायचा आणि शेवटी ४४०३२ मिळवायचे. ‘हान’ मध्ये ‘ह’ चा क्रमांक १८, ‘आ’ चा शून्य, आणि शेवटच्या ‘न’ चा ४. १८ गुणिले २१ म्हणजे ३७८. ३७८ गुणिले २८ म्हणजे १०,५८४. त्यात ४ मिळवून १०,५८८. आणि ४४०३२ धरून ५४६२०. उलटही करून पाहा. ५४६२० मधून ४४०३२ वजा केले की १०,५८८ उरतात. त्यांना २८ ने भागले की भागाकार ३७८ आणि बाकी ४, म्हणजे शेवटी ‘न’. ३७८ ला २१ ने भागले की भागाकार १८ आणि बाकी शून्य, म्हणजे ‘ह’ आणि ‘आ’. दोन भागाकारांत अक्षर सुटे होते.

या बाकीचा कामात किती उपयोग होतो ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोरियनमध्ये कर्माला लागणारा प्रत्यय शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर ठरतो : अक्षर व्यंजनान्त असेल तर ‘उल’, स्वरान्त असेल तर ‘रुल’. एखाद्या संदेशात फाइलचे नाव आपोआप भरायचे असेल, तर प्रत्यय कोणता लावायचा हे आधी ठाऊक नसते. पण नावाच्या शेवटच्या अक्षराच्या संकेतांकातून ४४०३२ वजा करून २८ ने भागा : बाकी शून्य आली तर ‘रुल’, नाही तर ‘उल’. दिशा किंवा साधन दाखवणाऱ्या ‘रो’ आणि ‘उरो’ या जोडीला एक अपवाद आहे. शेवटी ‘ल’ असेल, म्हणजे बाकी ८ असेल, तरीही ‘रो’ च लागतो. मराठीत ‘घर’ चे ‘घराला’ आणि ‘शाळा’ चे ‘शाळेला’ करण्यासाठी शब्दकोश आणि व्याकरणाचे नियम पदरी बाळगावे लागतात, तिथे कोरियनचे हे काम एका भागाकारात होते. असे असूनही कितीतरी प्रणाल्यांत दोन्ही प्रत्यय शेजारीशेजारी छापून वेळ मारून नेलेली दिसते, आणि ते मला मनापासून खटकते.

आता पहिल्या प्रश्नाचा गाभा : जर वर्णांवरून अक्षर काढता येते, तर सगळी अक्षरे स्वतंत्रपणे नोंदवलीच कशाला? याचे उत्तर इतिहासात आहे. १९८० च्या दशकात कोरियात दोन पद्धती एकमेकींशी स्पर्धा करत होत्या. एकीचे नाव जोहाप, म्हणजे जुळणीची पद्धत. तिच्यात १६ बिटांपैकी (बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढेच मूल्य धरणारी जागा) पहिला बिट खूण म्हणून ठेवत आणि उरलेल्या १५ बिटांचे पाच-पाचचे तीन गट करून तिन्ही घरांना देत. पाच बिटांत ३२ मूल्ये मावतात, त्यामुळे १९, २१ आणि २८ या तिन्ही संख्या त्यात आरामात बसतात आणि सर्व अक्षरे लिहिता येतात. दुसरी वान्सोंग, म्हणजे तयार अक्षरांची पद्धत. १९८७ च्या केएस सी ५६०१ या राष्ट्रीय मानकाने हीच स्वीकारली. तिचा आधार ९४ ओळी आणि ९४ स्तंभांचा तक्ता होता, कारण आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांच्या गटात, छापण्याजोगी ९४ चिन्हेच धरली जात. ९४ गुणिले ९४ म्हणजे ८,८३६. सारा तक्ता हांगुलला दिला असता तरी ११,१७२ अक्षरे त्यात मावली नसती, आणि त्यातच ४,८८८ चिनी चित्राक्षरेही बसवायची होती. म्हणून हांगुलच्या वाट्याला २५ ओळी आल्या, म्हणजे नेमकी २,३५० अक्षरे.

वापरात वारंवार येणारी अक्षरे निवडली होती, त्यामुळे बहुतेक मजकूर लिहिता येत असे. अडचण नव्या शब्दांची आणि नावांची होती. थाई ‘तोम याम’ सूपचे नाव कोरियनमध्ये ज्या अक्षराने सुरू होते, ते ‘त्तोम’ त्या २,३५० मध्ये नव्हते. लिपीच्या नियमांनुसार ते शुद्ध, कोणताही शाळकरी मुलगा ते कागदावर लिहील, आणि संगणक मात्र ते लिहू शकत नाही! मानकात यावर एक तोड होती : एक भरीचे चिन्ह आणि त्यापुढे तीन वर्ण, अशा आठ बाइटांत हवे ते अक्षर व्यक्त करायचे, पण ती फारशा प्रणाल्यांनी अमलात आणलीच नाही. १९९२ च्या सुधारणेत जोहापला मानकाच्या परिशिष्टात स्थान मिळाले. पुढे विंडोज ९५ बरोबर मायक्रोसॉफ्टने उरलेली ८,८२२ अक्षरे त्याच तक्त्याभोवतीच्या मोकळ्या जागांत बसवली. त्यामुळे ‘त्तोम’ लिहिता आले, पण अक्षरांचा क्रम विस्कटला, आणि नुसत्या संकेतांकांवरून वर्णक्रम लावणे अशक्य झाले.

युनिकोडला या सगळ्याचा वारसा मिळाला. सुरुवातीच्या आवृत्तीत तीच २,३५० अक्षरे होती; १९९३ च्या १.१ आवृत्तीत भर घालून ती ६,६५६ झाली, तीही तीन तुकड्यांत. अखेर १९९६ मध्ये आवृत्ती २.० काढताना आधीच्या सगळ्या जागा रद्द करून ११,१७२ अक्षरांचा सलग, गणिती क्रमाचा विभाग नव्याने दिला गेला. तोपर्यंत जुन्या जागा वापरून साठवलेला मजकूर या बदलाने निरर्थक झाला. एकदा दिलेले चिन्ह पुन्हा कधीही हलवायचे नाही हा युनिकोडचा आजचा कडक नियम याच अनुभवातून आला, आणि त्या नियमाचा लाभ आपण मराठीवालेही रोज घेतो.

देवनागरीची गोष्ट वेगळी झाली, कारण तिची रचनाच वेगळी आहे. आपली संकेतप्रणाली भारतीय मानकाच्या, म्हणजे इस्कीच्या, धर्तीवर आली. तिने फक्त वर्ण, मात्रा आणि पाय मोडण्याचे चिन्ह नोंदवले आणि जोडाक्षर तयार करण्याचे काम फाँटवर सोपवले. ‘क्ष’ म्हणजे ‘क’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ‘ष’ असे तीन संकेतांक. याला पर्याय नव्हता, असे मला वाटते. कोरियन अक्षराला तीनच घरे आहेत, म्हणून त्याची यादी संपते. आपल्या जोडाक्षराला घरांची मर्यादा नाही. ‘कार्त्स्न्य’ या संस्कृत शब्दात पाच व्यंजने एकात एक गुंतली आहेत, आणि सहावे जोडायला लिपीची मनाई नाही. ज्या यादीला शेवट नाही ती आधी छापून ठेवता येत नाही. तेव्हा १२८ आणि ११,१७२ या संख्यांत एका लिपीवर मेहेरबानी आणि दुसरीवर अन्याय असे काही शोधू नये.

फाँटबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या ठिपक्यांच्या फाँटमध्ये ११,१७२ चित्रे ठेवण्याऐवजी आरंभीच्या व्यंजनांचे आठ संच, स्वरांचे चार आणि शेवटच्या व्यंजनांचे चार संच काढून ठेवत, आणि शेजारी कोण आहे ते पाहून योग्य संचातला तुकडा बसवत. अशी सुमारे साडेतीनशे चित्रे पुरत. अक्षर जरा ओबडधोबड दिसे, पण वाचता येई.

टंकताना काय घडते ते मात्र सावकाश पाहण्यासारखे आहे. कोरियातील प्रचलित कळफलकावर डाव्या हाताला व्यंजने आणि उजव्या हाताला स्वर आहेत. आरंभीच्या आणि शेवटच्या व्यंजनासाठी वेगळी कळ नाही. ‘नारा’, म्हणजे देश, हा शब्द टंकून पाहा. ‘न’ आणि ‘आ’ दाबले की पडद्यावर ‘ना’ उमटते. पुढची कळ ‘र’ ची, आणि हाच वर्ण अक्षराच्या शेवटी आला की ‘ल’ असा उच्चारतात. संगणक तो तळाच्या घरात बसवतो आणि पडद्यावर दिसते ‘नाल’, म्हणजे दिवस. मग पुन्हा ‘आ’ दाबला की हे व्यंजन पुढच्या अक्षराचे होते हे त्याच्या लक्षात येते. तो ते खालून काढतो, नवा चौकोन उघडतो, आणि ‘नाल’ चे ‘नारा’ होते. क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या या अक्षराला कोरियन लोक तोक्केबीचा अग्नी म्हणतात. तोक्केबी म्हणजे त्यांच्या लोककथांतले भूत, आणि हा अग्नी म्हणजे आपल्याकडे रानात दिसतात म्हणतात त्या भुताच्या दिवट्या. आरंभीच्या आणि शेवटच्या व्यंजनांना वेगळ्या कळा देणारा तीन संचांचा कळफलकही आहे. नेत्रवैद्य असलेल्या गोंग ब्योंग-ऊ यांच्या टंकलेखन यंत्रातून तो आला, आणि त्यात ही दिवटी दिसत नाही. कार्यक्रम लिहिणाऱ्याने यातून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : अक्षर पूर्ण होण्याआधी प्रत्येक कळीला शोध चालवला, तर वापरणाऱ्याच्या मनात नसलेल्या शब्दाचा शोध घेतला जातो.

आता दुसरा प्रश्न. युनिकोडने तयार अक्षरांबरोबरच सुटे वर्णही दिले आहेत, आणि ते ओळीने ठेवले की त्यांचे अक्षर बांधले जावे अशी व्यवस्था आहे. म्हणजे ‘हान’ हे ५४६२० या एका संकेतांकानेही लिहिता येते, आणि ४३७०, ४४४९, ४५२३ या तीन संकेतांकांनीही. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. नियमानेही दोन्ही समान आहेत, पण ते समान आहेत हे आधी कळण्यासाठी एकाचे दुसऱ्यात रूपांतर करावे लागते. याला नॉर्मलायझेशन म्हणतात. जोडलेल्या रूपाला एनएफसी आणि सुट्या रूपाला एनएफडी. काही फाइल-व्यवस्थांत नावे सुट्या रूपात ठेवण्याची पद्धत होती, तर बहुतेक कळफलकांवरून मजकूर जोडलेल्या रूपात येतो. त्यामुळे एका बाजूने आलेले नाव आणि दुसऱ्या बाजूने टंकलेले नाव यांचे बाइट जुळत नाहीत.

मी स्वतः हे शिकलो ते एका ग्राहकाच्या कागदपत्रांच्या कामात. सोलहून आलेल्या काही फाइली यादीत दिसत, पण शोधात सापडत नसत, आणि आमच्या कार्यक्रमाने त्यांतल्या लांब नावांच्या फाइली जतन करायलाच नकार दिला होता. दोन दिवस मी शोधाच्या सूचीत दोष हुडकत बसलो. शेवटी एका नावाचे बाइट मोजले तेव्हा उलगडा झाला : जिथे अक्षरामागे तीन बाइट हवेत तिथे नऊ होते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे संकेतांक बाइटांत साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, जोडलेले अक्षर तीन बाइट घेते आणि तीन वर्णांत सुटे केलेले अक्षर नऊ. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइटांची असते. त्यात जोडलेली ८५ अक्षरे मावतात, आणि सगळी अक्षरे तीन-तीन वर्णांची असतील तर सुट्या रूपातली फक्त २८. चूक आमच्या कार्यक्रमाची होती, कारण आलेला मजकूर आत घेताना आम्ही त्याचे रूप एकसारखे करत नव्हतो.

यात आणखी एक खाचखळगा आहे. ‘न’ या एकाच आकाराला युनिकोडमध्ये तीन वेगळे संकेतांक आहेत : आरंभीच्या घरातल्या ‘न’ चा ४३५४, शेवटच्या घरातल्याचा ४५२३, आणि जुन्या राष्ट्रीय मानकातून सोयीसाठी घेतलेल्या सुट्या ‘न’ चा १२५९६. या तिसऱ्या प्रकारचे वर्ण एनएफसीने जोडले जात नाहीत. ते ओळीने ठेवले तरी सुटेच राहतात. कळफलकावरून एकटे व्यंजन टंकले की सहसा हाच तिसरा प्रकार मिळतो. नावांची केवळ आरंभीची व्यंजने टंकून शोधण्याची सवय कोरियन लोकांना आहे, तेव्हा शोधाच्या चौकटीतला हा १२५९६ ओळखून त्याची तुलना अक्षरातून भागाकाराने काढलेल्या आरंभीच्या व्यंजनाशी करावी लागते. तसेच पंधराव्या शतकातील ग्रंथांत येणारे, आज वापरातून गेलेले वर्ण ज्या अक्षरांत आहेत ती अक्षरे त्या ११,१७२ मध्ये नाहीतच. ती सुट्या वर्णांनीच लिहावी लागतात, त्यामुळे प्रत्येक चौकोन म्हणजे एक संकेतांक असे गृहीत धरून लांबी मोजू नये.

हे दुखणे फक्त कोरियनचे आहे असे समजू नका. ‘वाऱ्यावर’ मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतांकानेही लिहिता येतो, आणि साधा ‘र’ व त्याखाली नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. दोन्ही समान आहेत, एनएफसी त्यांचा एकच ‘ऱ’ करते, आणि ते केले नाही तर ‘वाऱ्यावर’ हा शब्द ‘वाऱ्यावर’ या शब्दाला सापडत नाही. कोरियनसाठी केलेली दुरुस्ती मराठीच्याही कामी येते, ती अशी.

माझ्या सहकाऱ्याने तिची सुरुवात प्रवेशद्वाराशी करावी : टंकलेला, आयात केलेला, फाइलच्या नावातून आलेला, असा सगळा मजकूर साठवण्यापूर्वी एनएफसी रूपात आणावा आणि शोधाचा शब्दही त्याच रूपात आणून मगच तुलना करावी. आधीपासून साठलेल्या नोंदी एकदाच बदलाव्या लागतील. त्याआधी मूळ प्रत जपून ठेवावी, आणि रूप बदलल्यावर कोणत्या नोंदी एकमेकींवर आदळतात त्याची यादी काढावी. नावाच्या रकान्यात पुनरावृत्तीला बंदी असेल, तर आजवर वेगळी भासणारी दोन नावे या टप्प्यावर एकच ठरतील आणि प्रणाली अडेल. अशा जोड्या आपोआप एकत्र करू नयेत. कोरियात थोडीच आडनावे फार मोठ्या लोकसंख्येत विभागलेली आहेत आणि एकाच नावाच्या दोन व्यक्ती ही तिथे रोजची गोष्ट आहे, म्हणून जन्मतारीख किंवा ग्राहक क्रमांक पडताळून प्रत्येक जोडी माणसानेच सोडवावी.